स्क्रूवरचं सील

आमच्या वॉशिंग मशीनच्या मागच्या पत्र्याला आठ स्क्रू आहेत. त्यातल्या एकावर नखाएवढा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं की हे सील तुटलं तर वॉरंटी गेली. गेल्या पावसाळ्यात मशीन बंद पडलं तेव्हा वॉरंटी संपून दीड वर्ष झालं होतं, तरी त्या कागदाला हात लावायची माझी छाती झाली नाही. कंपनीचा माणूस आला, पत्रा न उघडताच ‘कार्ड गेलंय’ म्हणाला आणि कार्डाचा भाव सांगितला. त्यात थोडी भर घातली असती तर नवं मशीन आलं असतं. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! शेवटी कोपऱ्यावरच्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी सील नखाने उचकटलं, कार्डाला चिकटून मेलेली पाल चिमट्याने काढली, जळालेला एक रिले बदलला आणि चहा पिऊन साडेचारशे रुपये घेतले. निघताना म्हणाले, “जुनं मॉडेल म्हणून जमलं बघा. नव्या मशीनचं कार्ड रेझिनमध्ये बुडवलेलं येतं. पाल आत जात नाही, मीपण जात नाही.”

दुरुस्तीच्या हक्कावरून जगभर चाललेल्या भांडणाची गाठ इथेच आहे. कंपनी खोटं बोलत नाही. ओल, झुरळं, पाली यांनी कार्डं जळतात आणि रेझिनमुळे ती वाचतात. पण त्याच रेझिनमुळे एवढासा रिले बदलायची वाटही बुजते. सोय आणि अडवणूक एकाच थरात ओतलेली असते.

हक्क मागणाऱ्यांचं म्हणणं मोजकं आहे. सुटे भाग कोणालाही रास्त भावात मिळावेत, दुरुस्तीची पुस्तिका आणि सर्किटचे नकाशे मिळावेत, बिघाड शोधायची उपकरणं मिळावीत आणि बाहेरच्याने बसवलेला भाग सॉफ्टवेअरने बाद ठरवू नये. याला ‘मालकाचा हक्क’ म्हणतात खरं, पण बहुतेक मालक जन्मात कधी पाना हातात धरणार नाहीत. मीही नाही. व्यवहारात हा मेस्त्रीचा हक्क आहे: वस्तू कोणाच्या हाती द्यायची ते मालकाने ठरवावं, आणि त्या हातापुढे कंपनीने भिंत घालू नये. हा फरक विसरून केलेले कायदे कसे लंगडतात ते पुढे येईलच.

आपल्याकडे दुरुस्ती ही वेगळी विकत घ्यायची सेवा नव्हतीच. गावचा सुतार, लोहार नांगर-कुळव-पाभर वर्षभर नीट ठेवायचा आणि सुगीला बलुतं न्यायचा. त्या व्यवस्थेतला जातीचा जाच ठाऊक असताना तिच्या आठवणीने उसासे टाकायचं कारण नाही. पण औजार घडवणारा गावातच राहत होता आणि औजाराच्या पोटात काय आहे ते बघणाऱ्याला दिसत होतं, एवढं खरं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि तिथून पुढे लोखंडी नांगरापर्यंत मजल मारली. दुसऱ्याने बनवलेलं यंत्र खोलायचं, समजून घ्यायचं आणि मग स्वतः बनवायचं, हाच जगभरच्या कारखानदारीचा पहिला धडा आहे.

पोटातलं दिसेनासं झालं ते यंत्रात इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर. सुरुवात मोटारींपासून झाली. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने कंपनीला ‘आमचाच भाग वापरा, नाहीतर वॉरंटी नाही’ अशी अट घालायला मनाई केली. तरीही २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला सील आणि वॉरंटीच्या अशाच अटींवरून सहा बड्या कंपन्यांना पत्रं लिहावी लागली. म्हणजे माझ्या मशीनवरचा कागद काही देशी आविष्कार नव्हे. दरम्यान इंजिनात संगणक बसला आणि बिघाड वाचायचं यंत्र फक्त कंपनीच्या डीलरकडे राहू लागलं. त्याविरुद्ध मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये जनमत घेतलं गेलं. शंभरातल्या ८६ मतदारांनी हक्काच्या बाजूने कौल दिला. प्रत्येक राज्यात असा वेगळा कायदा होण्यापेक्षा एकदाच मिटवलेलं बरं म्हणून मोटार कंपन्यांनी २०१४ मध्ये देशभरासाठी करार केला. मग कंपन्या बिघाडाची माहिती गाडीतून थेट आपल्या सर्व्हरला बिनतारी पाठवू लागल्या, आणि २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्सला पुन्हा मतदान घ्यावं लागलं. एक दार उघडलं की कुलूप पुढच्या दाराला लागतं.

भारतातला मोटारींचा खटला याच काळातला, आणि माझ्या मते आपल्याकडे या प्रश्नावर झालेलं सगळ्यात ठोस काम तेच. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०११ मध्ये चौकशी सुरू केली. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती. चौकशीत पाळंमुळं सगळीकडे पसरलेली दिसली. सुटे भाग खुल्या बाजारात येत नाहीत, कंपनीला भाग पुरवणारे कारखानेही करारांनी बांधलेले, बिघाड शोधायची उपकरणं बाहेरच्या गॅरेजला मिळत नाहीत, आणि गाडी बाहेर दाखवली की वॉरंटी जाते. कंपन्यांचा युक्तिवाद असा की बाजारात डझनभर ब्रँड आहेत, गिऱ्हाइकाला निवड आहे, मग मक्तेदारी कसली? आयोगाने तो मानला नाही. गाडी घेईपर्यंत निवड असते. घेतल्यावर त्या गाडीला दुसऱ्या कंपनीचा दरवाजा बसत नाही. म्हणून सुट्या भागांच्या बाजारात प्रत्येक कंपनी आपापल्या गाड्यांची मक्तेदार ठरते. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड झाला आणि भाग व उपकरणं खुली करायला सांगितलं गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड, निसान यांच्या अपिलांवर आयोगाचा निष्कर्ष कायम ठेवला. दंड मात्र एकूण उलाढालीऐवजी सुट्या भागांच्या उलाढालीवर मोजायला सांगून खूप खाली आणला. निष्कर्ष ग्राहकाच्या पदरात आणि दिलासा कंपनीच्या, असा हा निकाल. पण ‘विक्रीनंतरचा बाजार हा वेगळा बाजार आहे’ हे तत्त्व भारतीय कायद्यात रुजलं. फोन, फ्रिज, पंप सगळ्यांना ते लागू करता येईल. आजवर ते तेवढ्या धिटाईने वापरलं गेलेलं नाही.

मोटारीपेक्षा मोठा गाजावाजा अमेरिकेत ट्रॅक्टरचा झाला. तिथे १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणं हाच गुन्हा ठरवला. हेतू होता सिनेमा-गाण्यांची चोरी थांबवण्याचा, अडकला शेतकरी. जॉन डिअर कंपनीने २०१५ मध्ये कॉपीराइट कार्यालयाला दिलेल्या निवेदनात म्हटलं की ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, पण आतलं सॉफ्टवेअर त्याचं नाही. ट्रॅक्टर चालतोय तोवर ते वापरायचा गर्भित परवाना तेवढा त्याला मिळालेला आहे. लाखो डॉलर मोजून घेतलेल्या यंत्राचा मालक म्हणजे एका अर्थी कूळच! कार्यालयाने त्याच वर्षी वाहनांना आणि ट्रॅक्टरना सूट दिली. पण कुलूप तोडायची मुभा फक्त मालकाला होती. त्याच्या वतीने मेस्त्रीने तोडलं तर चालेल हे यायला २०१८ उजाडलं. मधल्या काळात अमेरिकी शेतकरी पूर्व युरोपात फोडलेलं सॉफ्टवेअर इंटरनेटवर चोरून विकत घेत होते. पीक कापणीला आलेलं, आभाळ भरलेलं आणि डीलरचा माणूस चार दिवसांनी येणार म्हटल्यावर दुसरं करणार काय?

जानेवारी २०२३ मध्ये डिअरने तिथल्या शेतकरी संघटनेशी, फार्म ब्युरोशी, सामंजस्य करार केला. बदल्यात संघटनेने कायद्यांचा आग्रह धरू नये अशी त्यात मेख होती. कोलोराडो राज्याने त्याच वर्षी शेतीयंत्रांसाठी कायदा करून टाकला, आणि जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने डिअरवर खटलाच भरला. आपल्याकडे हे दूरचं वाटेल. पण २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना उत्सर्जनाचे कडक निकष लागू झाले आणि त्यांच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. ऊसतोडणीची यंत्रं तर आधीपासूनच तशी. गाळप हंगामात तोडणी यंत्र सेन्सरच्या एका चुकीने थांबलं तर फडात उभ्या उसाचं वजन रोज घटतं, हे कोल्हापूर-सांगलीकडे कोणाला सांगायला नको.

आता फोन. सगळे लेख फोनपासूनच सुरू होतात, म्हणून मी त्याला मागे ठेवलं. पण कुलपाची कारागिरी पाहायची तर फोनच हवा. पूर्वी अडवणूक स्क्रूची होती. ॲपलने पाच पाकळ्यांचा असा स्क्रू आणला की बाजारात त्याचा स्क्रूड्रायव्हरच नव्हता. तो पुढे दहा ठिकाणी मिळू लागला. मग आली भागांची जोडणी, म्हणजे पार्ट्स पेअरिंग. स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा यांच्यातल्या एका बारक्या चिपमध्ये त्या भागाचा क्रमांक असतो आणि मुख्य बोर्ड तो पडताळून पाहतो. क्रमांक जुळला नाही की फोन इशारा दाखवतो किंवा एखादी सोयच बंद करतो. भाग अस्सल, दुसऱ्या त्याच मॉडेलमधून काढलेला असला तरी. आयफोन १३ ची स्क्रीन बाहेर बदलली की चेहरा ओळखणं बंद पडत असे. दुकानदार मग सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या स्क्रीनची चिप उचलून नव्या स्क्रीनवर डकवत. ओरड झाल्यावर ॲपलने तेवढं मागे घेतलं. २०२२ मध्ये कंपनीने घरी दुरुस्ती करायची योजना आणली. एका अमेरिकी पत्रकाराने एवढ्याशा फोनची बॅटरी बदलायला अवजारं भाड्याने मागवली, तर दोन पेट्या आल्या, वजन सुमारे ३६ किलो. मालकाला हक्क दिला आणि मेस्त्रीला वगळलं की असं होतं.

याच जोडणीवर ओरेगन राज्याने २०२४ मध्ये बंदी घातली. त्याआधी न्यूयॉर्क, मिनेसोटा, कॅलिफोर्निया यांचे कायदे झाले होते. त्यांतला न्यूयॉर्कचा सही होता होता इतका पातळ केला गेला की त्याच्या पुरस्कर्त्यांनाही तो ओळखू येईना. ॲपलने कॅलिफोर्नियाच्या कायद्याला पाठिंबा दिला आणि ओरेगनच्या कायद्याला विरोध केला. खरी नस कुठे आहे ते यावरून कळतं.

कुलूप किती दूर जाऊ शकतं याचा मासला पोलंडमध्ये सापडला. तिथल्या नेवाग कंपनीच्या काही प्रवासी रेल्वेगाड्या २०२२ मध्ये दुसऱ्या वर्कशॉपमध्ये देखभाल झाल्यावर सुरूच होईनात. वर्कशॉपने ड्रॅगन सेक्टर नावाच्या गटातल्या तंत्रज्ञांना बोलावलं. त्यांनी महिनोन् महिने खपून सॉफ्टवेअर उलगडलं आणि आत प्रतिस्पर्धी वर्कशॉपांचे अक्षांश-रेखांश सापडल्याचं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. गाडी त्या जागी ठराविक काळ उभी राहिली की बंद पडायची. कंपनीने आरोप फेटाळले आणि प्रकरण कोर्टात गेलं.

युरोपातल्या कायद्यांची यादी लांब आहे. त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. २०२१ पासून फ्रिज, वॉशिंग मशीन यांचे सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही सात ते दहा वर्षं मिळाले पाहिजेत. त्याच वर्षी फ्रान्सने दुकानातल्या वस्तूवर दहापैकी गुण लावायला सुरुवात केली: ही वस्तू दुरुस्त करायला किती सोपी? गुण कंपनीच आपले आपण देते, त्यामुळे वर्गातला प्रत्येक मुलगा हुशार निघायचा धोका आहेच. जून २०२५ पासून युरोपीय संघात फोनच्या भागांनाही सात वर्षांची अट आली. २०२४ चा दुरुस्तीचा निर्देश सदस्य देशांनी ३१ जुलै २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा आहे, आणि फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. ऑस्ट्रिया २०२२ पासून दुरुस्तीच्या बिलाचा काही भाग सरकारी तिजोरीतून भरू लागला. स्वीडनने २०१७ मध्ये सायकली, बूट, कपडे यांच्या दुरुस्तीवरचा कर २५ वरून १२ टक्क्यांवर आणला. आपल्याकडे जीएसटीत नोंद असलेल्या दुकानातून फोन दुरुस्त केला तर १८ टक्के मोजावे लागतात.

हे सगळं वाचताना एक गोष्ट खटकत राहते. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टीन पोस्तमा यांनी ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला: लोकांनी बिघडलेला टोस्टर घेऊन यायचं, जाणत्या स्वयंसेवकांनी कॉफी पीत तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. कल्पना गोड आहे, जगभर पसरली. पण ती का लागली? कारण कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला तिथे केव्हाच संपला होता. त्यांच्याकडे हक्क आलाय आणि दुरुस्त करणारे हात राहिले नाहीत. आपलं नेमकं उलटं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात तपकीर गल्ली आहे, तालुक्याच्या प्रत्येक गावी मोटार रिवाइंडिंगवाला आहे, आणि एसटी स्टँडबाहेर चार बाय सहाच्या टपरीत फोनचा बोर्ड गरम हवेच्या गनने उकलणारा विशीतला पोरगा आहे. हात आहेत, हक्क नाही. तो पोरगा फुटलेल्या सर्किट नकाशांवर आणि चिनी डोंगलवर काम करतो. त्याला अस्सल स्क्रीन विकत मिळत नाही, म्हणून तो ‘फर्स्ट कॉपी’ बसवतो. मग कंपनी म्हणते, बघा, बाहेर नकली माल वापरतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

बनावट बॅटरी फुगते, पेटते, हे खरंच आहे. उत्सर्जन नियंत्रण काढून टाकण्यासाठी इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणारे लोकही आहेत. या आक्षेपांना उडवून लावणाऱ्या कार्यकर्त्यांशी माझं पटत नाही. पण फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये कंपन्यांची सगळी कारणं तपासून दिलेल्या अहवालात म्हटलं की निर्बंधांच्या समर्थनार्थ पुरावा फारच तोकडा आहे. आणि अस्सल भाग उघड मिळू लागला तर नकली भागाचं गिऱ्हाईक कमीच होईल ना?

भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेतीची यंत्रं, फोन-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं हे चार विभाग तिने घेतले. शेतीयंत्रांना फोनच्या बरोबरीने बसवलं हे विशेष. २४ डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय ग्राहक दिनी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. त्यावर कंपन्या वॉरंटी, सेवाकेंद्रं, भाग यांची माहिती टाकतात. उपयोगी आहे, पण ती पाटी आहे, हक्क नव्हे. कंपनीने माहिती टाकली नाही तर तिचं काही बिघडत नाही. मग २०२४ मध्ये दुसरी समिती आली, दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासाठी. तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला: आधी फोन आणि टॅब्लेट, गुण कंपनीने स्वतः जाहीर करायचे. म्हणजे फ्रान्सचंच, दोषासकट. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्तीचा हक्क नावाने कुठेच नाही. आणि निर्देशांकाची सुरुवात फोनपासून झाल्यामुळे पंप आणि ट्रॅक्टर रांगेत मागे गेले, ही माझ्या मते चूक आहे. फोन अडला तर माणूस चिडतो, पंप अडला तर पीक वाळतं.

एका बाबतीत मात्र आपण अमेरिकेपेक्षा सुस्थितीत आहोत, आणि त्याची वाच्यता फार होत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ६५ अ डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण हक्कभंग करायच्या हेतूने तोडलं तरच. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर गुन्हा नाही; दुसऱ्यासाठी तोडून देणाऱ्याने त्या माणसाची नोंद ठेवायची, एवढीच अट. ट्रॅक्टर चालू करण्यासाठी सॉफ्टवेअरचं कुलूप काढणारा मेस्त्री या वाचनाप्रमाणे गुन्हेगार ठरू नये. सरकारने हे एका परिपत्रकात स्पष्ट लिहिलं तरी टपरीतल्या पोराच्या डोक्यावरची टांगती तलवार जाईल. नवा कायदा लागत नाही, पोर्टल लागत नाही.

बाकी लागतं ते कायद्यानेच. सेवाकेंद्राला ज्या भावात भाग मिळतो त्याच भावात तो बाहेरच्यालाही मिळावा. जोडणीवर ओरेगनसारखी बंदी यावी. भाग किती वर्षं मिळतील ते खोक्यावर छापलेलं असावं, जशी एमआरपी असते. जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला २२.३ टक्केच नीट गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. आपले ई-कचऱ्याचे नियमही कचरा झाल्यावर काय करायचं यावरच मुख्यतः बोलतात. वस्तू कचरा होऊ न देणारा मेस्त्री त्यात शोधावा लागतो.

तोवर वाचकाला एक सुचवतो. पुढच्या वेळी कंपनीचा माणूस ‘कार्ड गेलंय’ म्हणाला आणि तुम्ही नवं बसवून घेतलंत, तर बदललेलं जुनं कार्ड मागून घ्या. त्याचे पैसे तुम्ही कधीच दिलेले आहेत. आमच्या मेस्त्रींनी माझ्या मशीनमध्ये घातलेला रिले अशाच कुणाच्या तरी टाकून दिलेल्या कार्डावरून काढलेला होता.